रेडिओची ओटी

दिवाळीच्या सुट्टीला अजून अवकाश होता. त्यामुळे औरंगाबादच्या आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी हुसेनचाचांना उभं पाहिलं तेव्हा मला आधी आनंदच झाला. हुसेनचाचा म्हणजे आमच्या झरी गावचे शिंपी. आमच्या कापडदुकानाच्या ओसरीत त्यांचं शिवणयंत्र आहे, आणि मी जन्मल्यापासूनचे माझे सगळे कपडे त्यांनीच शिवलेले. "चाचा, तुम्ही इथं कसे?" मी विचारलं. ते म्हणाले, "पैले ये बोल, खाना खाया क्या?" मी नाही म्हणालो. त्यांनी मला समोरच्या खानावळीत नेलं, माझ्यासमोर ताट मांडायला लावलं आणि स्वतः टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले. मी गावची खबरबात विचारत होतो आणि ते नुसतंच "पैले खा ले" म्हणत होते. माझा हात धुऊन झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेरी काकी गई, बेटा..." काकूला ताप आला होता आणि तो उतरलाच नाही. कार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं, असं मी काहीतरी बोललो असेन. ते म्हणाले, "ये बात कारड पे भेजने की नहीं थी."

अंकाच्या या पानावर मोठ्या माणसांबद्दल लिहिलेलं मी वाचत आलो आहे. माझी काकू कुणी मोठी नव्हती. तिला अक्षरओळख नव्हती, झरीबाहेर ती फारशी कधी गेली नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याची सवयही मला नाही, आणि जे सांगायचं आहे ते नीट सांगता येईल की नाही हेही कळत नाही. पण ती गेल्यापासून एक गोष्ट सारखी मनात येते आहे. हा मुलूख केवढा मोठा आहे आणि तो किती तोंडांनी बोलतो, हे मला भूगोलाच्या पुस्तकातून समजलं नाही. ते मला आमच्या ओसरीतल्या एका पेटीपाशी समजलं, आणि काकूमुळे समजलं.

काकू म्हणजे आप्पांची बायको, आप्पा माझे थोरले काका. आम्ही लिंगायत वाणी, कापडाचं दुकान आणि थोडी शेती. काकूला मूल नव्हतं. ती पहाटे उठायची, कपाळाला विभूती लावायची आणि चुलीपाशी बसली की दुकानातल्या पुरुष माणसांसमोर दिवसभर यायची नाही. तिचं नाव पार्वती. लहानपणी मला तिची एकच गोष्ट वेगळी वाटायची. ती म्हशीशी काहीतरी निराळंच बोलायची. "बा, बा" म्हटलं की म्हैस यायची, आणि धार काढून होईपर्यंत काकू तिच्याशी हलक्या आवाजात बोलत राहायची. मला वाटायचं, म्हशीशी बोलायची भाषाच ती असते. मीही शेजारच्या म्हशीला "बा" म्हणून पाहिलं होतं. ती आली नाही.

रेडिओ आमच्याकडे आला तो गेल्या महायुद्धाच्या दिवसांत. बदली होऊन निघालेल्या एका अंमलदाराकडून आप्पांनी तो घेतला. झरीत वीज नव्हती, म्हणून मोटारीची बॅटरी. ती भारून आणायला परभणीला कापसाच्या जिनिंग कारखान्यात बैलगाडीने पाठवावी लागे, त्यामुळे रेडिओ दिवसभर वाजवण्याची सोय नव्हती. संध्याकाळी दिवे लागले की तो सुरू व्हायचा. ओसरीच्या आढ्यापासून समोरच्या लिंबापर्यंत तार बांधली होती, आणि त्या तारेवर कावळा बसला की बिरूदादा धनगर खालून ओरडायचे, "उठीव त्याला, न्हाईतर बातमी त्योच खाईल!" पेटीच्या काचेवर गावांची नावं इंग्रजीत छापलेली होती. घरात इंग्रजी अक्षरं मलाच वाचता येत, म्हणून पहिल्या संध्याकाळी नावं वाचायचं काम माझ्याकडे आलं. त्या काचेमागे दिवा लागला आणि दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लंडन अशी सगळी गावं एका वितीत उजळून निघाली... तो उजेड मला आजही आठवतो.

आप्पांनी खुंटी फिरवायला घेतली. आधी नुसती खरखर, मग शिट्ट्या, मग एकदम एका माणसाने अगदी आमच्या कानाशी बसल्यासारखं उर्दूत बोलायला सुरुवात केली. हुसेनचाचांचं यंत्र थांबलं. खुंटी पुढे सरकली तसा कुणीतरी मराठीत कीर्तन करीत होता आणि मागे टाळ वाजत होते. पुढे एका बाईचा गळा, गाणं बहुधा बंगालीतलं. त्याच्या पुढे एकजण इतका भराभरा बोलत होता की बिरूदादा म्हणाले, "हे भांडायलंय का गायलंय?" कुणी म्हणे तामिळ, कुणी म्हणे तेलुगू. पुढे इंग्रजी आलं, मग मुलांची गोष्ट, मग जनावरांच्या रोगांवर भाषण, मग सनई, मग कापसाचे भाव. बिरूदादांनी विचारलं, "आमच्या मेंढराचं ठेसन नसंल का ह्यात?" हुसेनचाचा म्हणाले, "हाय की. रात में बें-बें करता, तुम सोते रहते." सगळे हसले. मग चाचा त्या तारेकडे पाहत म्हणाले, "हवा में इत्ती भीड है... फिर बी कोई किसीकू धक्का नहीं देता." मी आता कॉलेजात लहरींचा धडा शिकलो आहे. गणितंही सोडवली आहेत. पण चाचांच्या त्या वाक्याइतकं मला अजून कशानेच समजावलेलं नाही.

त्याच संध्याकाळी, खुंटी परत मागे येत असताना, काटा हैदराबादच्या आसपास आला तेव्हा एका बाईचे दोन शब्द आले आणि निसटून गेले. आत स्वयंपाकघरात काहीतरी दणकन पडलं. पुढच्या क्षणी काकू दारात उभी होती. हाताला पीठ, पदर सरकलेला, आणि समोर ओसरीभर पुरुष. "काटा माघारी घ्या," ती म्हणाली. कुणाला काही कळेना. "अवो, माघारी घ्या की! कानडी हाय ते!" आप्पांनी घाईघाईने खुंटी उलटी फिरवली, पण तोवर तिथे सतार वाजू लागली होती. काकू आत गेली. मी आप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ती बिदरकडची न्हाई का. लय ल्हान होती आली तवा." मला हे माहीतच नव्हतं. ज्या बाईच्या हातचं जेवून मी वाढलो तिची आणखी एक बोली आहे, हे मला त्या दिवशी समजलं. तिचं माहेरचं नाव शरणव्वा. लग्नात ते बदललं, आईवडील गेले, माहेर संपलं, आणि आमच्या घरात तिच्याशी कानडी बोलणारं कुणी नव्हतं. म्हशीला 'बा' म्हणजे 'ये'.

नंतर एकदा धार काढताना ती मला म्हणाली, "मला आता सपनं बी मराठीत पडायलीत रे. आई सपनात येती, पण ती बी मराठीच बोलती. तिला कुटं येत होती मराठी..." मग तिने सांगितलं की तिला एक भीती वाटते. शब्द एकेक करून चाललेत. एखादी वस्तू हातात असते आणि तिचं माहेरचं नाव आठवत नाही. म्हशीला तरी किती शब्द लागतात? सगळे शब्द जायच्या आधी एकदा कुणीतरी बोलताना पोटभर ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

हैदराबादहून मंगळवारी संध्याकाळी कानडी बायकांचा कार्यक्रम असतो, हे हुसेनचाचांनीच विचारून काढलं. अडचण अशी की नेमक्या त्याच वेळी दिल्लीवर फौजी जवानांचे निरोप यायचे. लढाईवर गेलेल्या शिपायांनी घरच्यांना धाडलेले निरोप, त्यांच्याच आवाजात. चाचांचा एकुलता एक मुलगा युसूफ फौजेत भरती होऊन कुठेतरी पूर्वेकडे होता. एका सुट्टीवर आलेल्या शिपायाबरोबर त्याने कळवलं होतं, कधीतरी माझाही नंबर लागेल, ऐकत राहा. म्हणून दर मंगळवारी चाचा यंत्र बंद करून, पेटीला जवळजवळ कान लावून बसायचे. कोण कुठला जवान बोलायचा, पंजाबी, मराठा, मद्रासी, आणि चाचा प्रत्येकाला "जीते रहो" म्हणायचे. हे सगळं पाहून काकूने स्वतःहून काही मागणं शक्य नव्हतं. आप्पांनी एकदा विचारलं तर ती म्हणाली, "त्यांचं लेकरू लढाईवर हाय. माझं काय, निस्तं ऐकायचं."

आणि मग एका मंगळवारी चाचा आले, बसले, आणि म्हणाले, "आप्पा, आज दिल्ली नक्को. भाबी का स्टेशन लगाव." आप्पा म्हणाले, "अरे, आणि युसूफ?" चाचा म्हणाले, "रोज थोडी बोलता वो. आज नहीं बोलता. मेरा दिल बोलरा." काकू दाराआडून नको नको म्हणत राहिली. शेवटी चाचांनीच उठून काटा हैदराबादवर आणला आणि ओसरीतल्या माणसांना जरा पलीकडे सरकायला सांगितलं. काकू आली आणि पेटीसमोर मांडी घालून बसली.

बाई बोलू लागली. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. आम्ही सगळे काकूच्या तोंडाकडे पाहत होतो. मला वाटलं ती रडेल. ती मध्येच खुदकन हसली. "शेंगा हिंडी!" ती म्हणाली, "शेंगाची चटणी करायची सांगायली बाई... हिंडी म्हणत्यात आमच्यात. अगं बया, हिंडी! इसरलेच होते मी." बिरूदादा म्हणाले, "चटणीसाठी हैदराबादहून तार?" काकूने त्यांना हातानेच गप्प केलं. ओसरीत असं कुणाला गप्प करताना तिला मी पहिल्यांदा पाहिलं. कार्यक्रम संपला, बाईने निरोप घेतला आणि काकू पेटीला म्हणाली, "होगि बर्री." आप्पांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "जाऊन या, असं म्हणाले."

मग ती लगबगीने आत गेली आणि ताट घेऊन आली. ताटात हळदकुंकू, ओंजळभर तांदूळ आणि एक खण. "अगं, काय करायलीस?" आप्पा म्हणाले. "माहेरची बाई घरी आली. तिला रित्या ओटीनं लावून देऊ का?" एवढं बोलून तिने पेटीच्या कपाळावर, काचेच्या जरा वर, हळदकुंकवाचं बोट टेकवलं, डोक्यावर खण ठेवला आणि ओंजळीतले तांदूळ त्या खणावर घातले. पेटीला पोट तर नव्हतं, मग ओटी भरायची कुठे? तांदूळ खणावरून ओघळले आणि पेटीच्या मागे वारा जाण्यासाठी जी भोकं होती त्यांतून आत गेले. आम्ही सगळे कौतुकाने पाहत होतो. चाचा तर टाळी वाजवून म्हणाले, "भाबी, हमारे इधर जचकी के पैले गोद भरते. अब ये पेटी बच्चा देंगी क्या?" कुणाच्याही मनात आलं नाही की आत काय घडत असेल.

दुसऱ्या दिवशी काटा हलेना. तो हैदराबादवर घट्ट बसला होता. आप्पांनी जोर लावला तशी आत काटा ओढणारी दोरी तुटल्याचा आवाज झाला आणि नंतर हैदराबादही गेलं. काकूचा चेहरा मला पाहवत नव्हता. ती चाचांसमोर आली आणि म्हणाली, "हुसेनभाऊ, माझ्या तांदळानं झालं हे. तुमच्या युसूफचा आवाज मी बंद केला." चाचा कापड बेतत होते, त्यांनी मान वरही केली नाही. "मशीन है, भाबी. मेरी बी बिगडती. मैं क्या उसकू ओटी भरतूं?" पेटी गोधडीत गुंडाळून परभणीला नेली. दुरुस्त करणाऱ्याने मागची फळी उघडली आणि आप्पांना विचारलं, "शेठ, रेडिओ ऐकता का शिजवता?" पण तशी दोरी लढाईमुळे कुठे मिळत नव्हती. रब्बीची ज्वारी काढून झाली, खळी झाली, कडब्याच्या गंजी लागल्या, तेव्हा कुठे पेटी परत आली. त्या दिवसापासून काकूने मंगळवारी दिल्लीशिवाय दुसरं काही लावू दिलं नाही. ती स्वतः दाराशी बसायची आणि निरोप संपले की चाचांकडे बघायची. चाचा मान हलवायचे... आज नाही. युसूफचं नाव काही आलं नाही. मग लढाई संपली आणि निरोपही बंद झाले.

त्यानंतर काही महिन्यांनी युसूफ घरी आला. रोड झालेला, काळवंडलेला, पण धडधाकट. मीही तेव्हा गावातच होतो. संध्याकाळी सगळे ओसरीत जमले. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्याने एकदम विचारलं, "अब्बा, मेरी आवाज सुनी ना तुमने? रेडिओ पे? अपने इधर ज्वारी काटते ना, वो दिनों में बोल्या था मैं." ज्वारी काढणीच्या दिवसांत पेटी कुठे होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दाराआड काकू उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. हुसेनचाचांनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुनी बेटा. हौ, सुनी. सारे गाँव ने सुनी." बिरूदादाही मान डोलावून म्हणाले, "ऐकली की."

मला वाटलं, आता विषय बदलेल. पण काकू बाहेर आली. "युसूफ," ती म्हणाली, "त्या दिवशी मी चुलीपाशी होते रे. मला नीट ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा म्हण की." तो हसला. "काकी, वो तो रेडिओ पे बोलने का था." काकू म्हणाली, "मग रेडिओपाशी उभा ऱ्हाऊन म्हण. एवढ्या लांबून आलास, ह्या चार पावलाला काय झालं?" तो लाजला, पण उठला. पेटीच्या शेजारी फौजेत उभे राहतात तसा ताठ उभा राहिला, घसा खाकरला आणि समोर भिंतीकडे पाहत बोलू लागला. "अब्बा, मैं युसूफ. मैं खैरियत से हूँ. मशीन का पट्टा ढीला हुआ होंगा, बदल लेव. अम्मा की कबर पे मेरे तरफ से फूल चढाव. आप्पा की ओसरी में बैठे सब लोगाँकू मेरा सलाम. मैं आतूं... जल्दी आतूं."

हुसेनचाचा खाली मान घालून हातातल्या कापडाची घडी करत होते. केली, मोडली, पुन्हा केली. "जीते रहो," ते म्हणाले. दर मंगळवारी परक्यांच्या मुलांना म्हणायचे तसंच. बिरूदादा म्हणाले, "लय साफ आला बरं का आवाज. मुळीच खरखर न्हाई." काकूने डोळ्याला पदर लावला आणि युसूफसाठी गूळ आणायला आत गेली. युसूफला आजही ठाऊक नसावं. त्याने हे वाचलं तर तो माझ्यावर रागावणार नाही, अशी आशा आहे. लिहिण्याआधी मी चाचांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लिख. भाबी का नाम आता ना उसमें? तो लिख."

निरोपाचा कार्यक्रम बंद झाल्यावर मंगळवार आपोआप काकूचा झाला. दर मंगळवारी ती पेटीसमोर बसायची आणि आठवडाभर त्यातले शब्द तिच्या तोंडी असायचे. मलाही तिने काही शिकवले. औरंगाबादला परतताना ती फडक्यात शेंगा हिंडी बांधून द्यायची आणि म्हणायची, मित्रांना चटणी म्हणून देऊ नकोस, नाव सांगून दे. मी सांगायचो. आमच्या वसतिगृहात निदान दहा गावांची मुलं असतील. सगळ्यांना ते नाव आता ठाऊक आहे.

चाचांबरोबर मी झरीला पोचलो तेव्हा माती देऊन झालं होतं. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. तिथली ओली माती पाहताना मला ती पेटीसमोर मांडी घालून बसलेलीच दिसत होती. घरी आलो. काय करावं सुचेना म्हणून ओसरी झाडायला घेतली, तेव्हा पेटी जरा सरकवावी लागली. आत काहीतरी खुळखुळलं. तो तांदळाचा दाणा. परभणीला सगळे दाणे काढल्याचं सांगितलं होतं, पण एखादा कुठेतरी राहून गेला असणार. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "त्याचं काय वझं झालंय..." काचेच्या वरचं कुंकू कधीच पुसट झालं होतं, पण लाकडात त्याचा तांबूस डाग उतरला आहे.

तो मंगळवार होता. माझ्या लक्षात नव्हतं. दिवे लागले तसे हुसेनचाचा आले, यंत्रावर कापड झाकलं आणि पेटीसमोर बसले. "भाबी का स्टेशन लगाव," ते म्हणाले. मी काटा हैदराबादवर आणला. बाई बोलू लागली. कसली तरी पाककृती असावी, किंवा लेकरांच्या दुखण्याबद्दल असेल. चाचांना कानडी येत नाही, आप्पांना येत नाही, मला आठ-दहा शब्द येतात. तरी आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर त्या तारेवरून त्याच वेळी दिल्ली जात होती, मुंबई जात होती, कलकत्त्याचं गाणं जात होतं, कुणाकुणाची आई कुणाकुणाच्या भाषेत बोलत होती... बाईने निरोप घेतला. मी खुंटीकडे हात नेला तर आप्पांनी मला थांबवलं. आयुष्यात ज्यांनी कानडीचा एक शब्द कधी उच्चारला नव्हता ते आप्पा पेटीकडे जरा वाकले आणि हलकेच, चाचपडत म्हणाले, "होगि बर्री."